एका धाग्यावर ८ थर्मामीटर: ७७ केल्विनपर्यंत झकास, पुढे जपून

आमच्या क्रायोस्टॅटमध्ये (अतिथंड ठेवणाऱ्या बंद टाकीत) अतिवाहक चुंबकाभोवती तापमान मोजायला ८ सिलिकॉन डायोड होते. प्रत्येकाला ४ तारा, म्हणजे एकूण ३२. त्या तारांवाटे बाहेरची ऊब आत शिरायची आणि द्रव हेलियम फुकट उडायचं. शिवाय चुंबकाला करंट दिला की डायोडचे आकडे भरकटायचे. म्हणून ही फायबरची माळ घेतली: १२५ मायक्रॉन जाडीच्या एकाच काचेच्या धाग्यावर ८ ब्रॅग ग्रेटिंग, म्हणजे ठरावीक रंगाचाच प्रकाश परतवणाऱ्या काचेतल्या बारीक पट्ट्या. प्रत्येक ग्रेटिंग १५५० नॅनोमीटरच्या आसपासची आपली ठरलेली तरंगलांबी परत पाठवते. थंडी वाढली की ती तरंगलांबी सरकते, आणि त्यावरून तापमान काढायचं.

पहिल्याच दिवशी मी फजिती करून घेतली. धागा तांब्याच्या पत्र्यावर कॅप्टॉन टेपने घट्ट चिकटवला, द्रव नायट्रोजन ओतला, आणि स्क्रीनवर तापमान शून्य केल्विनच्याही खाली! खोलीच्या तापमानापासून ७७ केल्विनपर्यंत तांबं साधारण ०.३ टक्के आकसतं, काच जवळजवळ नाही. पत्र्याने धागा दाबला आणि ग्रेटिंगने तो दाबही थंडी म्हणूनच मोजला. आता धागा बारीक नळीत सैल सोडलाय. नायट्रोजनमध्ये बुडवला की आठही आकडे गुण्यागोविंदाने ७७ जवळ येऊन बसतात, आणि चुंबक चालू असो वा बंद, जागचे हलत नाहीत. एवढ्यासाठीच मी पाचपैकी साडेतीन देते.

दीड गुण कापला तो माहितीपत्रकावरच्या '४ ते ३०० केल्विन' या ओळीसाठी. खोलीच्या तापमानाला ग्रेटिंग दर केल्विनला साधारण १० पिकोमीटर सरकते. जसजसं खाली जावं तसतशी ती आळशी होते, आणि हेलियमच्या ४.२ केल्विनजवळ तर ढिम्म हलत नाही. आमच्या इंटरोगेटरला (परतलेली तरंगलांबी वाचणाऱ्या यंत्राला) १ पिकोमीटरच्या आतलं दिसत नाही, मग तिथे मोजायचं काय? विक्रेत्याला विचारलं तर म्हणाला, "मॅडम, त्यासाठी धातूचा लेप दिलेला धागा वेगळा मिळतो." हे आधी सांगायला काय झालं होतं? शिसं किंवा इंडियमचा लेप थंडीत काचेपेक्षा कितीतरी जास्त आकसतो आणि ग्रेटिंगला सोबत ओढतो. म्हणजे तांब्याने माझी जी फजिती केली तेच, फक्त मोजूनमापून.

तोवर हेलियमच्या तळाशी एक जुना डायोड परत बसवलाय, चुंबक बंद असतानाच वाचायचा. त्याच्या ४ तारा चालवून घेते.