पोराला आइस हॉकीत डायरेक्ट घालायचं की आधी नुसतं स्केटिंग?

टोरोंटोच्या आसपास राहायला आलेल्या आपल्या लोकांत हे दर वर्षी ऐकू येतं, शाळेतली पोरं हॉकीचं बोलतात म्हणून आपलं पोरही मागे लागतं आणि आपण स्वतः जन्मात बर्फावर उभे राहिलेलो नसतो. तर माझा हिशोब सांगते.

कॅनस्केट हा स्केट कॅनडाचा स्केटिंग शिकवायचा प्रोग्राम, म्हणजे फक्त स्केटिंग, स्टिक नाही पक (हॉकीची रबरी चकती) नाही. पडायचं कसं आणि आपलं आपण उठायचं कसं इथपासून सुरुवात, मग तोल, कंट्रोल, चपळाई असं करत सहा स्टेज. चार-पाच वर्षांच्या पोराला हेच बरं. तक्रार एकच, ज्याच्या डोक्यात गोल मारायचंच भूत आहे ते दोन महिन्यात कंटाळतं. हेल्मेट इथेही हॉकीचंच लागतं, सायकलचं चालत नाही. आणि स्केट्स घेताना हॉकीचेच घ्या, फिगर स्केट्सला पुढे दाते असतात, त्यांची सवय लागली की नंतर हॉकी स्केट्सवर पोर तोंडावर आपटतं. नंबर बुटापेक्षा एक-दीड कमी बसतो बरं का. मी आपल्या सवयीने "वाढत्या पायाला" म्हणून मोठे घेतले, घोटे आतल्या आत लटपटत होते, अर्धा हिवाळा त्यात गेला.

दुसरीकडे फर्स्ट शिफ्ट, म्हणजे नवख्या पोरांना हॉकीची ओळख करून देणारा प्रोग्राम. वय 6 ते 10, सहा सेशन, डोक्यापासून पायापर्यंतचं किट फी मध्येच, आणि सगळेच नवखे त्यामुळे सगळेच पडत असतात, कोणाला लाज नाही. पण अट आहे, आधी हॉकीत नाव घातलेलं नसावं. म्हणजे घाईघाईत क्लबच्या यू-सेव्हनमध्ये (सात वर्षांखालच्या हॉकी गटात) घातलंत की हा रस्ता बंद, कॅनस्केट केलं असेल तर मात्र चालतं. हे आम्हाला कोणी आधी सांगितलंच नाही. सहा सेशनात स्केटिंग येतं असं मात्र समजू नका.

यू-सेव्हन वाईट नाही हं. अख्ख्या रिंकवर (बर्फाच्या मैदानावर) नाही तर छोट्या भागात खेळवतात, पक पण हलका निळा, 4 औंसचा (मोठ्यांचा 6). पण बाकीची पोरं तीन वर्षांची असल्यापासून स्केटिंग करतायत, आपलं कडेला फळी धरून उभं. अंगावर धडकण्याची भीती असेल तर बॉडी चेकिंग, म्हणजे मुद्दाम अंगाने धडक देऊन अडवणं, यू-थर्टीनपर्यंत (तेरा वर्षांखालचा गट धरून) 2013 पासून बंदच आहे.

मला विचाराल तर सहाच्या आत कॅनस्केट, सहा झाले की फर्स्ट शिफ्ट, आणि मधल्या रविवारी सिटीच्या उघड्या रिंकवर न्या, फुकट असतं. टोरोंटो सिटी हॉलसमोरच्या नेथन फिलिप्स स्क्वेअरला स्केट्स भाड्याने पण मिळतात, आईबाबांनी पण घाला, पोराला बरं वाटतं. पुढे सेकंडहँड किट बिनधास्त घ्या, हेल्मेट तेवढं नवीन.