रोज चालायचं की जोर-बैठका काढायच्या?

एका मैत्रिणीला दिवसात जेमतेम अर्धा तास मिळतो. तो चालण्यात घालवू की घरच्या घरी जोर-बैठकांत, हा तिचा प्रश्न.

खर्च दोन्हीकडे जवळपास शून्य. चालायला धड बूट हवेत, एवढंच. वेळेच्या बाबतीत जोर-बैठका सरस. पंधरा मिनिटांत घाम निघतो, बाहेर पाऊस असला तरी.

फायदा मात्र वेगवेगळा. भरभर चालण्याने हृदय बळकट होतं, दम वाढतो, जेवणानंतर चाललं तर रक्तातली साखर कमी चढते. भरभर म्हणजे बोलता येईल पण गाणं म्हणता येणार नाही इतपत. मोबाइल बघत रेंगाळणं यात धरू नका! चालण्याने स्नायूंची ताकद फारशी वाढत नाही, आणि वयाबरोबर घटते ती तीच. हात न टेकता खुर्चीतून उठता यायला हवं असेल, तर बैठकांना पर्याय नाही.

टिकून राहण्यात चालणं जिंकतं. जोर-बैठकांनी पहिल्याच आठवड्यात अंग धरतं आणि लोक सोडून देतात. सुरुवातीला भिंतीला हात टेकून जोर आणि खुर्चीवर बसून-उठून बैठका केल्या तर हे बरंचसं टळतं.

बरीच वर्षं हालचालच नसेल तर चालण्यापासून सुरू करा. चालणं आधीच होत असेल किंवा बाहेर पडणं जमत नसेल, तर जोर-बैठका. गुडघे दुखत असतील तर आधी डॉक्टरांना विचारा. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला किमान 150 मिनिटं मध्यम व्यायाम आणि 2 दिवस स्नायूंचा व्यायाम सांगते, म्हणून मैत्रिणीला मी पाच दिवस चालणं, दोन दिवस जोर-बैठका असं सुचवलं.