सायनॅप्सचं मॉडेल: मॅग्नेशियमची गोळी झकास, एएमपीएची बाजू लंगडी

नागपूरच्या मेडिकल चौकाजवळच्या दुकानात मिळणारं सायनॅप्सचं, म्हणजे दोन चेतापेशींमधल्या जोडणीचं, हे प्लॅस्टिकचं मॉडेल फिजिऑलॉजी शिकवणाऱ्यांनी जरूर घ्यावं. सोबतच्या माहितीपत्रकावर मात्र विसंबू नये.

सगळ्यात जमलेला भाग एनएमडीए रिसेप्टरचा, म्हणजे पेशीच्या पडद्यातल्या, रासायनिक संदेश झेलणाऱ्या एका प्रथिनाचा. चॅनेलमध्ये मॅग्नेशियमची लाल गोळी चुंबकाने अडकून बसते. ग्लुटामेट आणि ग्लायसिन या रिसेप्टर उघडणाऱ्या रसायनांचे तुकडे आपापल्या जागी बसवले तरी वाट मोकळी होत नाही. पडद्याच्या व्होल्टेजचा खटका उणे ७० मिलिव्होल्टवरून शून्याकडे सरकवला की गोळी टपकन निघते आणि कॅल्शियमचे मणी आत घरंगळतात. रसायनं बसणं आणि व्होल्टेज बदलणं, या दोन्ही अटी एकाच वेळी पुऱ्या व्हाव्या लागतात, हे पोरांना हातानेच कळतं. फळ्यावर हे समजावताना अख्खा तास जातो.

पुढे घोळ आहे. एएमपीए रिसेप्टर (ग्लुटामेट झेलणारा दुसरा प्रकार) पडद्यात पक्के चिकटवलेत! खरं तर कॅल्शियममुळे कॅमकेआयआय हे एन्झाइम जागं होतं, जादा एएमपीए रिसेप्टर सायनॅप्सवर येऊन टिकतात आणि जोडणी बळावते; ती दुबळी होताना ते आत ओढले जातात. ही ये-जा दाखवायची तर तीन-चार रिसेप्टर कापून मागे वेल्क्रो लावा.

पत्रकात ब्लिस आणि लोमो यांचा १९७३ चा, जोडणी दीर्घकाळ बळावते हे दाखवणारा सशांवरचा प्रयोग बरोबर दिलाय. पण काही तासांपलीकडे टिकणाऱ्या बदलाला नवी प्रथिनं लागतात, याचा उल्लेखच नाही.

आणि हो, मे महिन्यात बंद गाडीत ठेवू नका. नागपूरच्या उन्हात चुंबकाचा गोंद सुटतो. इपॉक्सीने पुन्हा चिकटवावा लागतो.