झोपेतला ईईजी काढायला पणजीला गेलो होतो, पाचपैकी चार स्टार

मुलीला घेऊन ह्या सेंटरला दोनदा जाऊन आले, एकदा ईईजीला (डोक्याला वायरी लावून मेंदूतल्या विजेच्या लाटा टिपायची टेस्ट) आणि एकदा डॉक्टरांशी बोलायला, म्हणून जरा सविस्तर लिहिते. घरात कुणाला झोपेत काहीतरी होतंय पण काय ते कळत नाही अशांनी शेवटपर्यंत वाचा प्लीज.

आम्ही फोंड्याचे. मुलगी १६ वर्षांची, अकरावीत. चवथ झाली आणि सकाळी चहात पाव बुडवून खाताना जीभ झोंबते म्हणायला लागली. मी म्हटलं तोंड आलं असेल, बी-कॉम्प्लेक्सच्या गोळ्या दिल्या. मग अंग दुखतंय, डोकं जड झालंय, बसस्टॉपपर्यंत चालवत नाही. एक दिवस उशीच्या अभ्र्यावर गुलाबी डाग दिसला आणि त्याच आठवड्यात कळलं की ती दोनदा पहाटे उठून स्वतःची चादर गुपचूप धुऊन मागच्या दारी वाळत घालत होती. एवढी मोठी मुलगी, लाजेने सांगणार कुणाला. जीभ बघितली तर टोकाला काही नाही, कडेला दातांचे व्रण. कडेला चावलेली जीभ, ओली चादर आणि सकाळी अंग ठेचून काढल्यासारखं, हे सगळं एकत्र दिसलं तर झोपेत फिट येत असेल अशी शंका घ्यायची असते हे मला तेव्हा माहीतच नव्हतं. सासूबाईंनी दिष्ट काढली, देवळात गाऱ्हाणं घातलं. त्यांचाही जीव तुटत होता, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही, पण दिवस गेले ते गेलेच.

आधी दुसऱ्या एका ठिकाणी ईईजी काढला होता, वीस मिनिटं, मुलगी टक्क जागी. रिपोर्ट नॉर्मल, अभ्यासाचं टेन्शन असेल म्हणून घरी पाठवलं. आता कळतंय की ईईजी नॉर्मल आला म्हणजे फिट नाहीत असं होत नाही, मशीन लावलेलं असताना मेंदूत ती गडबड झाली तरच ती कागदावर येते, आणि बऱ्याच जणांत ती झोप लागल्यावरच डोकं वर काढते.

ह्या सेंटरचं मला सगळ्यात आवडलं ते म्हणजे अपॉइंटमेंट घेतानाच तिथल्या टेक्निशियन मॅडमनी फोनवर विचारलं, "ताई, व्हिडिओ आहे का?" नव्हता. तर म्हणाल्या तिच्या खोलीत झोपा, काही व्हायला लागलं की आधी लाइट लावा, पांघरूण बाजूला करा, पूर्ण अंग दिसेल असं धरा, आणि तिला नावाने हाक मारत राहा म्हणजे ती ऐकतेय का ते डॉक्टरांना कळेल. तिसऱ्या रात्री पावणेपाचला मिळाला. आधी घशातून एक घोगरा आवाज, मग मान उजवीकडे वळत गेली, सगळं अंग ताठ, मग झटके. माझा हात थरथरतोय ते व्हिडिओत दिसतंय, पण डॉक्टरांनी तो चारदा बघितला, मान कुठल्या बाजूला वळते एवढ्यासाठीच दोनदा.

टेस्टच्या आदल्या रात्री बारापर्यंत जागवायचं आणि पहाटे चारला उठवायचं असं सांगितलेलं. डोक्याला तेल अजिबात नको, नुसता शाम्पू. फोंड्याहून पणजीपर्यंत गाडीत तिला डुलकी लागू नये म्हणून भाऊ गाणी लावून बसला होता. तिथे मॅडमनी टेपने डोकं मोजलं, पेन्सिलीने खुणा केल्या, पांढरी पेस्ट लावून एकेक वायर चिकटवली. तीन मिनिटं जोरजोरात श्वास घ्यायला लावला, डोळ्यांसमोर लाइट उघडझाप केली, आणि मग "आता नीज गे बाय" म्हणून खोलीत अंधार. चाळीस मिनिटं झोपू दिलं, कुणी घाई केली नाही. झोप लागल्यावर डाव्या बाजूला स्पाइक, म्हणजे फिटकडे बोट दाखवणाऱ्या टोकदार लाटा, दिसल्या, जागेपणी एकही नव्हती.

डॉक्टरांनी पाऊण तास समजावलं. मी विचारलं, झोपेत बडबडणं, दचकून ओरडत उठणं ते वेगळं का? तर ते बहुतेक रात्रीच्या पहिल्या भागात होतं, बराच वेळ चालतं आणि दर वेळी वेगळं दिसतं. मेंदूच्या पुढच्या भागातून येणाऱ्या फिट मात्र छोट्या असतात, बहुतेक दोन मिनिटांच्या आत, एका रात्रीत अनेकदाही येतात आणि दर वेळी अगदी तशाच. त्यात हातपाय जोरात झाडले जातात म्हणून लोकांना नाटक वाटतं. सकाळी उठल्या उठल्या हाताला झटका बसून ब्रश किंवा कप पडत असेल तर तेही सांगायचं असतं, तो ह्या वयातला वेगळा प्रकार आहे आणि त्याला काही औषधं उलट त्रास देतात, म्हणून प्रकार ओळखल्याशिवाय गोळी नको. एमआरआय सांगितला, तो नॉर्मल आला, गोळ्या सुरू आहेत. फिट आली तर तोंडात चमचा घालायचा नाही, कांदा-चप्पल हुंगवायची नाही, कुशीवर वळवायचं आणि घड्याळ बघायचं, पाच मिनिटांवर गेली तर १०८. सासूबाईंनी हे सगळं मला परत म्हणून दाखवायला लावलं.

एक स्टार कापला तो रिसेप्शनसाठी. जेमतेम चार तास झोपलेल्या मुलीला दीड तास प्लास्टिकच्या खुर्चीवर बसवलं, ती तिथेच झोपली असती तर टेस्ट वाया. आणि "फिटवाली पेशंट कोण" असं सगळ्यांसमोर ओरडायची काय गरज, मुलीने मान खाली घातली ती आत जाईपर्यंत वर केली नाही. मॅडमना सांगितलं, त्यांनी लगेच बाहेर जाऊन रिसेप्शनवरच्या मुलाला समजावलं.

३५०० रुपये घेतले, रिपोर्ट तिसऱ्या दिवशी. पार्किंग नाही. सकाळची पहिली वेळ मागून घ्या, घरची उशी न्या, एसी फार थंड असतो म्हणून एक चादरही. पेस्ट कोमट पाण्याने निघते पण दोनदा धुवावं लागतं.