मिसळ की मसालेभात?

रविवारी टिळकवाडीत फुटबॉल खेळून लेक सात मित्रांना घेऊन येतो. सगळे पंधरा-सोळाचे, दारातूनच "काकू, भूक लागलीय!" असं ओरडणारे. त्यांच्यासाठी मी दोनच पदार्थ आलटून-पालटून करते.

मिसळीची तयारी आधीपासून हवी. शुक्रवारी रात्री अर्धा किलो मटकी भिजवायची, शनिवारी सकाळी उपसून फडक्यात घट्ट बांधायची. रविवारी गाठोडं सोडलं की मोड फडक्यातून डोकावत असतात. कटाला मी ब्याडगी मिरची वापरते. रंग लालभडक येतो आणि तिखट बेताचं राहतं. कांदा-खोबरं खरपूस भाजून, वाटण तेल सुटेपर्यंत परतलं की तर्री आपोआप वर येते. इथे घाई केली तर कट पांचट होतो. पाव तीन डझन आणते, तेही कधीकधी कमी पडतात. क्लासहून उशिरा येणाऱ्याचीही सोय होते: रस्सा गरम करायचा, फरसाण आयत्या वेळी घालायचं.

मसालेभाताला आदली रात्र लागत नाही. किलोभर तांदूळ, तोंडली, मटार, गोडा मसाला, मोठं पातेलं. तासाभरात ताटं वाढता येतात. सोबत काकडीची कोशिंबीर. पण गार झाला की त्याची चव उतरते, म्हणून सगळ्यांना एकदम बसवावं लागतं.

ऐनवेळी फोन आला तर भातच. आधी कळलं असेल तर मात्र मी मिसळच करते, कारण पोरं पातेल्याभोवती उभी राहून स्वतःच वाढून घेतात, गप्पा मारतात, आणि शेवटचा कट पावाने पुसून खातात.