माळ्यावरच्या एफएम अँटेनाच्या नावाखाली १४,२८९ रुपये गेले, वाचा आणि सावध राहा

डबा २,४९९. बूस्टर १,१५०. माणूस घरी आला त्याचे ६५०. आणि वर रिफंडच्या नावाखाली ९,९९०. बेरीज १४,२८९ रुपये. हे सगळं लिहायची लाज वाटते, घरात अजून सगळ्यांना सांगितलेलं पण नाही, पण तीच जाहिरात परवा माझ्या जावेच्या फोनवर आली म्हटल्यावर गप्प बसवेना.

आमचं गाव सासवडच्या पुढं. पुणे तसं लांब नाही पण मध्ये दिवे घाटाची रांग आहे, त्यामुळं एफएम धड लागत नाही. नाना म्हणजे माझे सासरे, त्यांना टीव्ही बघवत नाही, डोळ्यांचं ऑपरेशन झालंय, दिवसभर रेडिओ उशाशी. १०१ वर विविध भारती लावायची आणि पडून राहायचं. घरात इन्व्हर्टर आला, सगळीकडं एलईडी बल्ब आले तेव्हापासून नुसती घरघर. म्हणून माळ्यावर एक अँटेना बसवावी असं चाललेलं, छपरावर नको कारण माकडं काही ठेवत नाहीत.

तेवढ्यात फेसबुकवर व्हिडिओ आला. माळ्यावर पांढरा चपटा डबा, खाली रेडिओ, आधी खरखर आणि डबा लावल्याबरोबर गाणं स्वच्छ. ३०० किलोमीटर रेंज, घराच्या आत चालणार, पाच वर्षं वॉरंटी. पुढचं तुम्हाला माहितीच आहे, व्हॉट्सअॅप नंबर, गोड बोलणारी मुलगी, आजच ऑफर संपतेय, कॅश ऑन डिलिव्हरी म्हणजे विश्वास. पार्सलवाल्यानं पैसे घेतल्याशिवाय खोलू दिलं नाही. हे लक्षात ठेवा, कॅश ऑन डिलिव्हरी म्हणजे बघून घेणं नव्हे.

ऑर्डर देण्याआधी मी विचारलं होतं, स्पष्ट विचारलं होतं, की आमच्या माळ्यावर अर्धी कौलं आहेत आणि अर्ध्या भागावर पत्रा टाकलाय, चालेल का? ती म्हणाली पत्रा असेल तर अजून चांगलं, पत्रा सिग्नल ओढून घेतो. ह्या वाक्यावर मी आजही रात्री जागी होते. पत्र्याच्या खोलीत मोबाइलला रेंज येत नाही हे आमच्याकडं शेळ्या राखणाऱ्या पोराला पण माहितीय, बोलायचं असेल तर आपण अंगणात येतो. पण ती इतकी ठामपणे बोलत होती, तिला ह्यातलं कळतं असं वाटलं, आणि मी काही इंजिनियर नाही. अडलेला माणूस विचारतो आणि समोरचा खोटं सांगतो ह्यात विचारणाऱ्याचा काय दोष?

डबा लावला, लाल लाइट लागला, रेडिओत फरक शून्य. आणि तो लाइट वायर रेडिओला लावायच्या आधीपासूनच लागलेला होता. नाना म्हणाले पण, अगं हिचा लाइट कशावर लागतोय. नुसत्या करंटवर लागत होता, दुसरं काय. लाइट म्हणजे सिग्नल नाही, कुणी कितीही सांगू दे.

फोन केला तर म्हणे तुमच्याकडं डोंगर आहे, बूस्टर लागणार. १,१५० पाठवले. त्यानं घरघरच मोठी झाली. आता मला कळलंय की बूस्टर जे येतंय तेच वाढवतो, आत सिग्नलच नसेल तर खरखर वाढणार. मग म्हणे आमचा टेक्निशियन येईल, ६५० व्हिजिट.

तो आला. पंचविशीतला पोरगा, शर्टावर कंपनीचं नाव, बॅग, सगळं व्यवस्थित. माळ्यावर चढला, खटपट केली, खाली आला आणि नानांचा रेडिओ उशाजवळून उचलून खिडकीत नेऊन ठेवला, रेडिओची स्वतःची दांडी पूर्ण बाहेर ओढली, डब्याची वायर त्या दांडीला दोन वेढे मारून गुंडाळली आणि १०१ लावलं. वाजलं! स्वच्छ वाजलं. नानांनी हात जोडले त्याला. अहो, खिडकीत ठेवून दांडी ओढली तर कुठलाही रेडिओ सुधारतो, ती वायर काढून टाकली असती तरी वाजलाच असता, आणि तेवढी एक गोष्ट करून बघायचं आम्हा दोघांपैकी कुणाला सुचलं नाही कारण नानांच्या चेहऱ्याकडं बघत होतो. तो गेला, रेडिओ परत उशाशी आणला, परत खरखर. कुणी असा डेमो दाखवायला आला तर त्याच्यासमोर वायर काढा आणि फरक पडतो का बघा, पैसे नंतर.

ह्यांनी वैतागून स्क्रू ड्रायव्हरनं तो डबा उघडला. आत एक बोटाएवढी प्लेट, त्यावर तो लाल लाइट आणि त्याच्या करंटचे दोन बारके पार्ट. रेडिओकडं येणाऱ्या वायरची मधली तार कशालाच जोडलेली नव्हती. आत वायरला गाठ मारून ठेवलेली, ओढली तर सुटून बाहेर येऊ नये म्हणून. आणि वजन यावं म्हणून एक लोखंडी पट्टी डिंकानं चिकटवलेली. २,४९९ रुपये.

मग मी रिफंडसाठी भांडले. माझा हक्क होता म्हणून भांडले. तर 'रिफंड डिपार्टमेंट' मधून फोन, साहेब मराठीत बोलणारे, फार माफी मागितली, म्हणाले नुकसानभरपाईसकट ९,९९० देतोय, क्यूआर पाठवलाय, स्कॅन करून पिन टाका म्हणजे जमा होतील. गॅसवर कुकर, नाना हाका मारतायत, आणि तो माणूस फोन ठेवूच देईना, आत्ता नाही केलं तर फाइल बंद होईल. गेले. पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही, कधीच नाही, हे घरातल्या प्रत्येकाला आजच सांगा, म्हाताऱ्यांना आणि बायकांनाच नाही, शिकलेल्या पुरुषांना पण.

आता पुढचं ऐका. पैसे गेले की १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, लगेच फोन करा, पहिल्या तासात केला तर पैसे पुढं सरकायच्या आत अडवता येतात. मला हा नंबर पोलीस ठाण्यात कुणी सांगितला नाही, भाचीनं संध्याकाळी सांगितला, तोवर समोरचं खातं रिकामं झालेलं. ठाण्यात मी सरळ पहिले गेले होते. तिथं बसलेल्या माणसानं पहिलं वाक्य काय बोलावं, "रेडिओ? आता कोण ऐकतं मॅडम?" आणि बाजूचे दोघं हसले. मी चोरीची तक्रार द्यायला आलेय, माझा सासरा काय ऐकतो ह्याचा तुमचा काय संबंध? मग म्हणे रक्कम छोटी आहे, आधी बँकेत जा. बँकेत म्हणे पिन तुम्हीच टाकलाय, आम्ही काय करणार, पोलिसांचं पत्र आणा. ठाण्यात परत, तर म्हणे बँकेचं स्टेटमेंट आणा, त्यावर त्या व्यवहाराचा बारा आकडी नंबर मार्कर लावून आणा. आणला. तर साहेब बंदोबस्ताला. दुसऱ्या वेळी गेले तर हद्द आमची नाही, समोरचं खातं परराज्यातलं आहे. मग कुणाची हद्द? माझा फोन, माझं घर, माझे पैसे, सगळं ह्याच हद्दीत आहे ना? मला अजून तक्रारीची पोच शिक्क्यासकट मिळालेली नाही, साध्या कागदावर तारीख लिहून दिलीय. कुरियरवाले म्हणतात आम्ही फक्त पोचवतो. जाहिरातीची तक्रार केली तर उत्तर आलं की नियमांचं उल्लंघन आढळलं नाही. गाठ मारलेली वायर विकणं हे उल्लंघन नाही! आणि दुकानदारानं दोन रुपये जास्त लावले की सगळे कायदे जागे होतात. राग ह्याचा जास्त येतो, चोराचा एक वेळ कमी.

अँटेनाचं म्हणाल तर बाजारातल्या जुन्या रेडिओ रिपेरवाल्या काकांनी पाच मिनिटांत सांगितलं. एफएमची लाट साधारण तीन मीटरची, म्हणून अँटेना तिच्या निम्मी हवी. १०१ साठी दोन्ही हात मिळून जवळपास १.४ मीटर, म्हणजे सत्तर-सत्तर सेंटिमीटरचे दोन तारेचे तुकडे, मधून डिशची जाड वायर खाली. तळहाताएवढ्या डब्यात ही लांबी मावत नाही, मग तो काय पकडणार? टीव्हीची अँटेना म्हणून विकतात त्यातल्या बऱ्याचशा तर एफएमच्या बँडसाठी, म्हणजे एफएमच्या लाटांच्या पट्ट्यासाठी, नसतातच. ३०० किलोमीटर लिहिलं असेल तर तिथंच सोडा, एफएम सरळ रेषेत जातं, जमिनीचा बाक आणि डोंगर त्याला अडवतात. काकांनी १८० रुपयांत बनवून दिली. पत्र्याकडची बाजू सोडून कौलांखाली आडवी बांधली, इन्व्हर्टरपासून लांब, टोकं पुण्याकडं नाही तर अंगाची बाजू पुण्याकडं, कारण टोकांच्या दिशेनं तिला जवळजवळ काही ऐकू येत नाही. नानांच्या रेडिओला मागं सॉकेट नाही म्हणून वायरची मधली तार क्लिपनं दांडीला. १०१ आता उशाशी लागतं. ९१.१ आणि ९८.३ अजून खरखरतात, डोंगर आहे तो आहे, काकांनी आधीच सांगितलं होतं की सगळी स्टेशनं मिळतील असं मी म्हणणार नाही. खरं बोलणारा माणूस असा बोलतो.

घेताना विचारा: लांबी किती, कुठल्या बँडसाठी, माझ्या सेटला लावायची कशी. उत्तर नाही आलं तर घेऊ नका.

१९१५ वर ग्राहक हेल्पलाइनला तक्रार टाकलीय, आणि जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही, तिकडं पण जाणार आहे. ज्यांनी ज्यांनी हा लाल लाइटचा पांढरा डबा घेतलाय त्यांनी फेकू नका, उघडून फोटो काढा, पार्सलवरचं लेबल आणि पैसे पाठवल्याचे स्क्रीनशॉट जपून ठेवा आणि मला कळवा. एकटीला हाकलून देतात, दहा-पंधरा जण एकत्र गेलो तर नाही हाकलता येणार.