जाहीर उत्तर की आयोगाकडे तक्रार?

नगरपरिषदेची निवडणूक लढवणाऱ्या एका मैत्रिणीच्या कपड्यांवर आणि घटस्फोटावर प्रतिस्पर्ध्याने भर सभेत शेरे मारले. जाहीर उत्तर द्यावे की तक्रार करावी, असे तिने मला विचारले.

परिणामाच्या दृष्टीने पाहिल्यास, ऑस्ट्रेलियाच्या तत्कालीन पंतप्रधान ज्युलिया गिलार्ड यांनी ऑक्टोबर 2012 मध्ये संसदेत स्त्रीद्वेषावर केलेले भाषण जगभर पाहिले गेले. जाहीर उत्तराने विषय आपल्या शब्दांत मांडता येतो. मात्र पाणी, रस्ते बाजूला पडून बातमी त्या शेऱ्याचीच होते आणि तो शेरा पुन्हा पुन्हा छापला जातो, हे मला सर्वांत अन्यायकारक वाटते. याउलट 2019 च्या लोकसभा निवडणुकीत रामपूरमधील प्रतिस्पर्धी उमेदवार, अभिनेत्री जयाप्रदा यांच्याविषयीच्या वक्तव्याबद्दल भारत निवडणूक आयोगाने समाजवादी पक्षाचे नेते आझम खान यांना 72 तास प्रचारबंदी केली. ती नोंद कायम राहिली, पण रामपूरची जागा आझम खान यांनीच जिंकली.

श्रमाच्या बाबतीत, उत्तराला धैर्य व काही मिनिटे लागतात. तक्रारीला चित्रफीत, तारीख, साक्षीदार लागतात. शिवाय स्थानिक निवडणुकीत ती राज्य निवडणूक आयोगाच्या यंत्रणेकडे करावी लागते, भारत निवडणूक आयोगाकडे नाही.

शेरा सर्वत्र पसरला असेल आणि बोलण्याची सवय असेल, तर एकदाच, थोडक्यात उत्तर द्यावे. तो मोजक्यांनीच ऐकला असेल किंवा धमकी, अश्लीलता असेल, तर तक्रारच योग्य. स्त्रीच्या विनयाचा शब्दांनी अवमान करणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम 79 खाली गुन्हाही आहे. मैत्रिणीला मी तक्रार सुचवली.